बंदूक म्हणाली म्हणून!

‘सायको-पास’ ही जपानी ॲनिमे मालिका बघून झाल्यावर ‘बाप रे, हे तंत्रज्ञान माणसाला कुठे नेऊन ठेवणार आहे!’ असा उसासा टाकणाऱ्या मंडळींचा मला आता वैताग आला आहे. तंत्रज्ञान कुणाला कुठेही नेत नाही. माणसं आपल्या पायांनी जातात, हौसेने जातात आणि खड्ड्यात पडल्यावर खापर फोडायला यंत्राचं डोकं शोधतात. मालिकेचं पहिलं पर्व 22 भाग हेच ओरडून सांगतं. पण उसासेवाल्यांना ते ऐकू येत नाही. त्यांना भीतीची मजा हवी असते, स्वतःची चौकशी नको असते.

दुसरा गट याहून नामी. त्यांना मालिकेतली बंदूक आवडते. ‘डॉमिनेटर’ तिचं नाव. निळ्या-हिरव्या उजेडात उलगडत आकार बदलते, धरणाऱ्याशी शांत, मंजूळ आवाजात बोलते. हौशी पोरं तिची प्लास्टिकची प्रतिकृती हातात धरून फोटो काढून घेतात. ज्या हत्याराची किळस यावी म्हणून लेखकाने जिवाचं रान केलं, त्याचंच खेळणं झालं. तिसरा गट आमच्या पिढीचा. ‘कार्टून ना ते? पोराटोरांचं?’ यांच्याशी वाद घालण्यात राम नाही. त्यांनी हे पान खुशाल उलटावं.

उरलेल्यांसाठी मामला असा. साल 2112. जपानमध्ये ‘सिबिल’ नावाची यंत्रणा प्रत्येक माणसाचं मन अहोरात्र मोजत असते. (या नावाचा योगायोग वाचकाने कर्ज मागायला बँकेत गेल्यावर अनुभवावा, मी त्यावर कोटी करणार नाही.) रस्त्यावरचे स्कॅनर मनाचा ‘रंग’ वाचतात, पोलिसांची बंदूक माणसाचा ‘गुन्हे-गुणांक’ वाचते. गुणांक 100 च्या आत असेल तर बंदुकीचा चाप हलतच नाही. 100 गाठला की माणूस ‘सुप्त गुन्हेगार’ ठरतो आणि बंदूक त्याला बेशुद्ध पाडते. 300 गाठला की तीच बंदूक त्याच्या चिंधड्या उडवते. खटला नाही, वकील नाही, साक्ष नाही, पुरावा नाही. नोकरी कोणती धरायची, हेसुद्धा सिबिलच सांगते. सुप्त गुन्हेगारांतल्याच काहींना पोलीस खातं शिकारी कुत्र्यांसारखं वापरतं. घाणीत हात त्यांनी घालायचे आणि पट्टा धरायचा तो स्वच्छ गुणांकाच्या अधिकाऱ्याने. या कुत्र्यांतला शुसेई कागारी नावाचा पोरगा वयाच्या पाचव्या वर्षी गुन्हेगार ठरलेला आहे. काय केलं होतं त्याने? काहीच नाही. आकडा आला होता, एवढंच.

मालिकेचं पहिलं पर्व फुजी टीव्हीवर ऑक्टोबर 2012 ते मार्च 2013 मध्ये झळकलं. निर्मिती ‘प्रॉडक्शन आय.जी.’ची, म्हणजे 1995 चा ‘घोस्ट इन द शेल’ काढणाऱ्यांची. लेखन गेन उरोबुचीचं, दिग्दर्शन नाओयोशी शिओतानीचं. मुख्य दिग्दर्शक कात्सुयुकी मोतोहिरो हा ‘ओदोरु दाइसोसासेन’ या जपानमधल्या गाजलेल्या पोलीसमालिकेचा माणूस. त्यामुळे इथल्या भविष्याला पोलीस ठाण्याचा वास आहे. अहवाल लिहायचे असतात, वरिष्ठांची मर्जी राखायची असते, नव्या पोरीला पहिल्याच रात्री घटनास्थळी पाठवायचं असतं.

ती पहिली रात्र नीट बघा. एका माणसाचा रंग रस्त्यावरच्या स्कॅनरमध्ये काळवंडलेला सापडतो. तो घाबरून एका बाईला पळवतो, पडक्या वस्तीत नेऊन तिच्यावर अत्याचार करतो. पोलीस पोचतात आणि तो बंदुकीने फुटतो. बाई रक्ताने न्हाऊन निघालेली, थरथरत कोपऱ्यात. आता एखादा शहाणा माणूस काय करेल? तिच्या अंगावर पांघरूण घालेल, पाणी देईल. इथे तिच्यावर बंदूक रोखली जाते, कारण भोगलेल्या अत्याचाराने तिचं मन ढवळून निघालंय आणि तिचा गुणांक चढलाय. ती पळते. सांडलेल्या तेलात उभी राहून पेटवायची धमकी देते. आकडा आणखी चढतो. बंदूक मंजूळ आवाजात सांगते की हिला संपवायला हरकत नाही. नवी अधिकारी अकाने त्सुनेमोरी आपल्याच साथीदाराला, कोगामीला, गोळी घालून बेशुद्ध पाडते आणि त्या बाईशी चार शब्द बोलते. चारच शब्द. आकडा उतरू लागतो. तेवढ्यात मागून दुसरा अधिकारी त्या बाईला बेशुद्ध पाडतो, कारण आकडा उतरला तरी पुरेसा उतरलेला नाही.

त्या बाईचा गुन्हा काय? तिच्यावर गुन्हा झाला, हाच.

आता अकरावा भाग. माकिशिमा नावाचा खुनी अकानेच्या मैत्रिणीच्या गळ्याला वस्तरा लावून उभा आहे. अकाने बंदूक रोखते. बंदूक म्हणते, आकडा 100 च्या आत आहे, चाप बंद. माकिशिमाचं मन खून करतानाही ढवळत नाही. त्याचा गुणांक उलट उतरत जातो आणि शून्यावर येतो. तो तिच्या पुढ्यात एक जुनी शिकारीची बंदूक फेकतो आणि म्हणतो, मला मारायचंय ना, मग स्वतःच्या बोटाने मार. तिच्या हातून ते होत नाही, कारण आयुष्यभर बोट यंत्राच्या परवानगीने हललेलं असतं. मैत्रीण तिच्या डोळ्यांदेखत मरते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते याला. जिच्यावर अत्याचार झाला तिच्यावर बंदूक चालते आणि जो जीव घेतो त्याच्यावर चालत नाही.

हे सगळं ‘कल्पना’ म्हणून बाजूला सारण्याची सोय नाही. हे पहिलं पर्व टीव्हीवर संपलं त्याच 2013 मध्ये शिकागोच्या पोलिसांनी एक यादी वापरायला घेतली होती. कुणाच्या हातून गोळी सुटेल किंवा कुणाला गोळी लागेल, याचा अंदाज संगणकाने बांधायचा आणि तशा माणसांच्या घरी पोलिसांनी आधीच जायचं. पुढे यादीतल्या लोकांना 0 पासून 500 पर्यंत गुण मिळू लागले आणि यादी फुगत फुगत सुमारे 4 लाख लोकांवर गेली. त्यातली मेख अशी की गोळी घालणारा कोण आणि खाणारा कोण, हे त्या गुणांतून कळतच नव्हतं. दोघांना एकच आकडा! उरोबुचीने पहिल्या भागात तेलात उभी केलेली बाई शिकागोच्या यादीत हजारोंनी होती.

शिकागोच्या ऑस्टिन भागातल्या एका माणसाच्या दारात 2013 मध्येच पोलीस येऊन उभे राहिले. हिंसेचा एकही गुन्हा त्याच्या नावावर नव्हता. ‘तू गोळीबारात सापडशील असं यंत्र म्हणतंय, आमचं लक्ष आहे तुझ्यावर,’ असं त्याला सांगण्यात आलं. पोलीस याच्या घरी वारंवार का येतात? आजूबाजूच्यांनी आपल्यापरीने अर्थ लावला, हा खबऱ्या असणार. पुढे त्याच्यावर दोनदा गोळ्या झाडल्या गेल्या. म्हणजे यंत्राचं भाकीत खरं ठरलं म्हणायचं! भाकीत सांगायला गेलेल्यांनीच ते खरं करून दाखवलं, हे कुणी कुठल्या रकान्यात लिहिलं नसेल. रँड या संस्थेने 2016 मध्ये या यादीची पहिली आवृत्ती तपासली. यादीत नाव आल्याने गोळी लागायची शक्यता काही कमी झालेली नव्हती, अटक व्हायची शक्यता मात्र वाढलेली होती. 2019 च्या अखेरीस यादी गुंडाळली गेली. यादीमुळे ज्यांच्या दारात पोलीस उभे राहिले त्यांच्या आयुष्याचं काय गुंडाळलं गेलं, त्याचा हिशेब मांडणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

यावर ‘कच्चं यंत्र होतं, पक्कं आणू’ असं म्हणणारे लगेच उभे राहतात. त्यांच्यासाठी मालिकेत दोन जागा आहेत. पहिली तिसऱ्या भागातली. यंत्रमानव बनवणारा कारखाना, बाहेरच्या जगाशी जाळं तोडलेला, कामगार तिथेच राहणारे. सगळ्यांचे रंग कसे स्वच्छ! गुपित एवढंच की एका गरीब गाय कामगाराला रोज सगळ्यांनी मिळून छळायचं, म्हणजे बाकीच्यांच्या मनावरचा ताण हलका होतो. व्यवस्थापकाला हे ठाऊक आहे आणि तो काणाडोळा करतो, कारण आकडे उत्तम येतात. अळीमिळी गुपचिळी. मग एकेक कामगार मरू लागतो तेव्हा सगळ्यांना धक्का बसतो. यंत्र इथे चुकलेलं नाही. त्याने रंग बरोबर वाचले. रंग स्वच्छ ठेवण्यासाठी कुणाला पायपुसणं केलंय, हे वाचायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी जागा चौदाव्या भागातली. भर दिवसा, भर रस्त्यात, डोक्यावर शिरस्त्राण घातलेला माणूस एका बाईला हातोड्याने ठेचून मारतो. शिरस्त्राण आसपासच्या लोकांचा स्वच्छ गुणांक उसना घेतं, म्हणून एकही यंत्र ओरडत नाही. आणि यंत्र ओरडत नाही म्हणून माणसंही ओरडत नाहीत. गोल करून बघत राहतात. हा खून आहे हे त्यांना समजतच नाही, कारण खून असता तर यंत्रणा धावून आली असती! अख्ख्या मालिकेत मला सर्वांत भयंकर वाटलेलं दृश्य हे. त्यात बंदूक नाही, चमकदार काही नाही. सभ्य, नीटनेटके, कायदा पाळणारे नागरिक तेवढे आहेत. आपल्या डोळ्यांवरचा विश्वास त्यांनी हप्त्याहप्त्याने यंत्रणेकडे जमा केला आणि आता खात्यात शिल्लक काही नाही.

ब्रिटनमध्ये हेच झालं, फक्त हातोड्याऐवजी हिशेबाच्या वहीने. टपाल कचेऱ्यांसाठी 1999 पासून ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली बसवली गेली, जपानच्या फुजित्सू कंपनीची. ती हिशेबात नसलेली तूट दाखवायची. कचेरी चालवणारे गयावया करून सांगत, आम्ही पैसे घेतले नाहीत. त्यांना उत्तर मिळे, अशी तक्रार तुमच्या एकट्याचीच आहे. 2015 पर्यंत 900 हून अधिक लोक चोर, लबाड, अफरातफर करणारे म्हणून दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींचं घरदार गेलं. संगणक बरोबरच चालतो असं कायद्यानेच गृहीत धरलेलं होतं. तो चुकतो हे सिद्ध करायचं ओझं ज्याच्याकडे कसलीच कागदपत्रं नाहीत त्या माणसावर. जानेवारी 2024 मध्ये एका टीव्ही मालिकेने देशाची लाज काढली, तेव्हा कुठे मे महिन्यात संसदेने कायदा करून या शिक्षा सरसकट रद्द केल्या. वरातीमागून घोडं म्हणावं तर वरातही निघून गेली होती.

सिबिल म्हणजे आहे तरी काय, हे सतराव्या भागात फुटतं. ते यंत्र नसतंच. काचेच्या पेट्यांत ठेवलेले 247 मानवी मेंदू एकत्र जोडलेले असतात. आणि हे मेंदू कुणाचे? ज्यांचा गुणांक यंत्रणेला मोजताच आला नाही अशा, माकिशिमाच्या जातकुळीच्या माणसांचे. ज्यांना कायदा लागू होत नाही, त्यांच्याच हाती कायदा! माकिशिमालाही आमंत्रण दिलं जातं, ये आणि आमच्यात बस. ‘तंत्रज्ञानाचा राक्षस’ म्हणून गळा काढणाऱ्यांनी हा भाग पुन्हा बघावा. यंत्राच्या पोटात माणसंच बसलेली आहेत. ‘संगणक निःपक्ष असतो’ हे सोवळं नेसून ती बसली आहेत, म्हणजे त्यांना कुणी शिवायचं नाही. अमेरिकेत गुन्हेगार पुन्हा गुन्हा करेल का याचे 1 ते 10 गुण देणारी ‘कंपास’ नावाची प्रणाली आहे. तिचं सूत्र कंपनीचं व्यापारी गुपित. विस्कॉन्सिन राज्यात एका आरोपीने विचारलं, मला शिक्षा देताना वापरलेला आकडा आला कुठून, ते तरी मला कळू द्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये काही सावधगिरीच्या सूचना दिल्या आणि आकडा वापरायला मोकळीक ठेवली. गुपित गुपितच राहिलं.

आता कुणी मला विचारेल, माणसाने दिलेल्या न्यायाचे दिवे काय कमी आहेत? मुळीच कमी नाहीत, आणि उदाहरण मालिकेच्या मायदेशातलंच देतो. जपानमध्ये खटला उभा राहिला की दोषी ठरण्याचं प्रमाण 99 टक्क्यांच्या वर आहे. आरोपपत्राआधी 23 दिवस कोठडीत ठेवता येतं. इवाओ हाकामादा हा माजी मुष्टियोद्धा 1966 मध्ये शिझुओका प्रांतात पकडला गेला. मिसोच्या कारखान्यात काम करत होता. त्याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरातल्या चौघांच्या खुनाचा आळ. दिवसाचे बारा बारा तास चौकशी करून त्याच्याकडून कबुली काढली. एक वर्ष दोन महिन्यांनी मिसोच्या टाकीत रक्ताचे कपडे ‘सापडले’. 1968 मध्ये फाशी ठोठावली. तिघा न्यायाधीशांपैकी नोरिमिची कुमामोतो यांना तो निर्दोष वाटत होता. पण बाकीचे दोघे एका बाजूला, म्हणून फाशीचं निकालपत्र यांनीच लिहिलं. नंतर त्यांनी खुर्ची सोडली आणि 2007 मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. हाकामादा जवळजवळ 48 वर्षं तुरुंगात होता, त्यातली बहुतेक वर्षं रोज फाशीची वाट बघत. 26 सप्टेंबर 2024 ला शिझुओका जिल्हा न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं आणि ते कपडे तपास करणाऱ्यांनीच रचलेला पुरावा होता, असं सांगितलं. तेव्हा तो 88 वर्षांचा होता.

यात कुठे संगणक नव्हता. हाडामांसाच्या माणसांनी एका माणसाचं आयुष्य खाल्लं. तरीही मी सिबिलच्या बाजूने उभा राहणार नाही, आणि त्याचं कारण याच खटल्यात आहे. हाकामादा सुटला कशामुळे? रक्ताचा डाग एवढे महिने मिसोत बुडून राहिला तर लाल राहील की काळपट पडेल, हा प्रश्न विचारता आला म्हणून. कपडे होते, डाग होता, निकालपत्र होतं, त्यावर सह्या होत्या, पश्चात्तापाने पोळलेला एक न्यायाधीश होता आणि भावासाठी उभं आयुष्य लढणारी हिदेको नावाची बहीण होती. खोट्या पुराव्यालाही एक उपकार करता येतो, तो खोटा ठरवता येतो. 58 वर्षं लागली ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण सिबिलने त्याला 312 गुण दिले असते तर काय टाकीत बुडवून बघणार होता? आकड्याला डाग नसतो. त्याला सही नसते. त्याच्या वतीने पुढे कुणाला झोप न लागण्याचा संभव नसतो.

आणि मराठी वाचकाने तर ‘गुन्ह्याआधीचा गुन्हेगार’ बघायला 2112 पर्यंत जायचं कारण नाही. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यापर्यंत आणला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी अशा घरांत मूल जन्माला आलं की त्याचा गुणांक ठरलेला. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत केली. त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. कायदा ऑगस्ट 1952 मध्ये रद्द झाला, माणसं ‘विमुक्त’ झाली. पण चोरी झाली की पोलिसांची गाडी कोणत्या पालांकडे वळते, हे शेंबडं पोर सांगेल. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला 1988 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार दिला, टाळ्या वाजवल्या आणि पुस्तक कपाटात ठेवलं. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तुरुंगांच्या नियमावल्यांत या जमातींना सराईत गुन्हेगार समजणं घटनेत बसत नाही. बहात्तर वर्षांनी!

आता हीच पोलीस दप्तरं यंत्राला शिकवण्यासाठी पुरवली जाणार. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरवायला नागपुरात एक कंपनी काढली आणि नाव ठेवलं ‘मार्व्हल’, जणू गुन्ह्याशी लढायला लाल झग्यातला कुणी आकाशातून उतरणार आहे. दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहितीच्या अधिकारात सांगितलं होतं की चेहरा 80 टक्के जुळला की ते तो जुळला असं धरतात. उरलेल्या 20 टक्क्यांत कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता बसतो ते विचारू नये. सायबर गुन्हे शोधायला यंत्र वापरा, जरूर वापरा. लुबाडलेल्या म्हाताऱ्यांचे पैसे परत मिळणार असतील तर मी स्वतः पेढे वाटीन. पण शंभर-दीडशे वर्षं ज्या पालांवर धाडी पडल्या, त्या धाडींचीच आकडेवारी यंत्रात घालायची आणि यंत्राने ‘त्याच पालांवर जा’ म्हटलं की ‘बघा, शास्त्रसुद्धा हेच सांगतं’ म्हणायचं, याला शास्त्र म्हणत नाहीत. जुनाच आकस नव्या इस्त्रीचे कपडे घालून आला, एवढंच.

सरकारला नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून सोसायटीच्या फाटकापर्यंत येतो. आमच्याकडे कामवाल्या मावशींची नोंद ॲपवर होते आणि घरवाले त्यांना तारे देतात. परवा एक मावशी फाटकावर अडकलेल्या. वॉचमन त्यांना रोज बघतो, त्यांच्या हातचा चहा पितो.

‘अहो, सोडा की त्यांना. ओळखता ना?’ मी म्हटलं.

‘ओळखतो की साहेब. पण मशीन लाल दाखवतंय.’

‘का दाखवतंय?’

‘ते मला काय माहीत? कमिटीला विचारा.’

कमिटीतले गृहस्थ निवृत्त अधिकारी, वाचन दांडगं, लोकशाहीवर तासभर बोलतील. म्हणाले, ‘सिस्टीममधून ब्लॉक झालंय हो. आपल्या हातात काही नाही.’ सिस्टीम कुणाची? यांनीच विकत घेतलेली. नियम कुणी घातला? यांच्याच बैठकीत. तारे कुणी कापले? दोन घरांनी. कशासाठी? बाईंनी दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस म्हणून मागितला, यासाठी. मावशी फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभ्या आणि आत एकही माणूस असा नाही जो म्हणेल की होय, मी अडवलंय. सगळे सभ्य, सगळ्यांचे रंग स्वच्छ. चौदाव्या भागातल्या रस्त्यावर गोल करून उभे असलेले लोक मी त्या दिवशी आमच्या फाटकावर पाहिले. मला सिबिलचं सत्य कळायला 247 मेंदूंची गरज पडली नाही, 11 जणांची कमिटी पुरली.

एवढं कौतुक केल्यावर मालिकेलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत, कारण शेवटाला तीही कच खाते. अकानेला सगळं सत्य कळतं. मेंदू दिसतात, खोटेपणा दिसतो. तरी ती सिबिल मोडत नाही. हे मोडलं तर समाज कोसळेल, तेव्हा तूर्त राहू दे, कधीतरी कुणीतरी हे बंद पाडेल, असं म्हणून ती पुन्हा ड्यूटीवर रुजू होते. चाहते याला ‘परिपक्वता’ म्हणतात. मी याला सरकारी नोकराचा समजूतदारपणा म्हणतो. ‘कधीतरी कुणीतरी’ हे प्रत्येक अन्यायाचं आवडतं वेळापत्रक असतं; कुमामोतोंनीही 2007 ची वाट पाहिलीच. उरोबुचीला हे कळत नव्हतं असं नाही. त्याने अकानेचा पराभव पराभव म्हणूनच दाखवला असेलही. पण पुढे काय झालं? 2014 मध्ये दुसरं पर्व. त्यात सिबिल स्वतःचाच न्याय करते, डागाळलेले मेंदू काढून टाकते आणि ताजीतवानी होते. 2015 च्या चित्रपटात सिबिलची परदेशात निर्यात. 2019 मध्ये तिसरं पर्व, 2023 मध्ये आणखी चित्रपट. दहा वर्षांत माणसं मेली, बदलली, तुरुंगात गेली. सिबिलच्या केसाला धक्का नाही. कसा लागेल? सिबिल संपली तर मालिका संपते, खेळणी संपतात, तिकिटं संपतात. ज्या यंत्रणेला शिव्या घालायच्या तिच्याच जिवावर दुकान चालवायचं, हा धंदा जपानी कंपनीलाच जमतो असं नव्हे, पण तिला छान जमला आहे.

तरी ‘सायको-पास’चं पहिलं पर्व बघा. बंदुकीसाठी बघू नका, भीतीसाठी तर मुळीच नको. चाप ओढणाऱ्यांचे चेहरे बघा. त्यांच्या चेहऱ्यावर क्रौर्य नाही, सुटका आहे. ‘मी नाही मारलं, बंदूक म्हणाली म्हणून मारलं.’ न्यायाला खरा धोका यंत्राच्या चुकीचा नाही. चुका दुरुस्त होतात. धोका या सुटकेचा आहे, कारण तिची चटक लागते.

म्हणून मागणी साधी आहे. बँकेने कर्ज नाकारलं, पोलिसांनी नाव यादीत घातलं, रेशनच्या यादीतून कुणाला वगळलं, सोसायटीच्या फाटकावर कुणाला अडवलं, काहीही असो, तीन गोष्टी लेखी मागा. निर्णयाचं कारण काय, निर्णय घेणाऱ्या माणसाचं नाव काय, आणि दाद कुठे मागायची. ‘सिस्टीम’ हे नाव म्हणून चालणार नाही, ‘स्कोअर कमी आहे’ हे कारण म्हणून चालणार नाही. स्वतःसाठी मागा आणि जिला अर्ज लिहिता येत नाही त्या मावशींसाठी त्याहून आधी मागा. ज्या निकालाखाली सही करायला एकही माणूस तयार नाही, तो कितीही अचूक असो, तो न्याय नव्हे.